जपात मन भटकलं तर माळ पहिल्यापासून का?

आंजर्लेकर

आमच्या दापोलीकडे जपाला बसणाऱ्यांत एक नियम सर्रास सांगतात: माळ ओढताना मन भरकटलं की ती माळ बाद, पुन्हा पहिल्या मण्यापासून. हा नियम मला पटत नाही. त्यापायी चांगली चांगली माणसं जप सोडताना पाहिली आहेत, म्हणून हा धागा.

पहाटे ओटीवर बसावं, 'श्रीराम जय राम जय जय राम' सुरू करावं. चार-सहा मणी नीट जातात. मग हर्णैच्या बाजूने बोटीचं इंजिन ऐकू येतं. म्हणजे समुद्र शांत आहे, वारा पडलाय. मग मोहोरावरची फवारणी आजच उरकू. पंपाची नळी गळत होती, ती बांधली का? गडी येतो म्हणाला होता, त्याला फोन करायला हवा. आणि एकदम बोटाला मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, लागतो! ओठ हलत होते, मणी सरकत होते आणि आपण आख्खा वेळ कलमांच्या बागेत.

आता इथे करायचं काय? माझं म्हणणं असं की 'मन गेलं होतं' हे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी ते परत आलेलंच असतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात (६.२६) भगवंत सांगतात, चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून आवरून आणावं. ते जाणार हे तिथे धरूनच चाललंय. किती वेळा आणायचं याला मर्यादा नाही, आणि गेल्याबद्दल शिक्षाही सांगितलेली नाही.

माळ बाद करायची ठरवली की माणूस मंत्र सोडून मनावर पहारा ठेवत बसतो. 'गेलं का? आत्ता गेलं का?' हाही विचारच की! म्हणून मी त्याच मण्यावरून पुढे जातो. पुढचा मंत्र जरा सावकाश, तेराही अक्षरं कानाला लागतील असा. मनाला रागवायचं नाही.

व्याडेश्वरचरणी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या मार्गाने सैलपणा येतो. 'जाणारच' म्हटलं की मनाला मोकळं रानच मिळालं. आमच्या गुहागरात वडीलधाऱ्यांनी आम्हाला माळ पुन्हा ओढायला लावली, आणि तिचा धाक होता म्हणून बैठक बसली. पतंजलींनी 'तज्जपस्तदर्थभावनम्' म्हटलंय, म्हणजे जपाबरोबर अर्थाची भावना हवी. बागेत फिरताना कसली आलीय भावना?

दुसरं, लोक पहिल्या दिवसापासून मानस, म्हणजे मनातल्या मनात, जप धरतात. वाचिकापेक्षा (मोठ्याने म्हटलेल्या) उपांशू (ओठांतल्या ओठांत पुटपुटलेला) श्रेष्ठ आणि उपांशूपेक्षा मानस, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती चढण आहे, एकदम माथ्यावर उडी मारता येत नाही. मन पळत असेल तर खाली उतरावं आणि मोठ्याने म्हणावं. स्वतःचा आवाज कानावर पडत असला की मनाला पळायला फट कमी मिळते. नवीन माणसाने निदान पहिली माळ तरी वाचिकच करावी.

देवगडची सूनबाई

काका, मोठ्याने म्हणण्याचं शंभर टक्के पटलं. पण तुम्ही आणि आंजर्लेकरदादा, दोघंही मनाचाच हिशेब मांडताय. आमच्या सासूबाई भाकऱ्या थापताना, सोलं वाळत घालताना नाम घेतात. ओटीवर आसन मांडून बसायला त्यांना कधी मिळालंच नाही. हरिपाठ 'हरि मुखें म्हणा' सांगतो, मन ताब्यात घेऊन मग म्हणा असं सांगत नाही. मन लागो न लागो, मुखात नाम राहू दे. पुढचं नाम बघून घेईल. माळ बाद करणारे आपण कोण?

व्याडेश्वरचरणी

सूनबाई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. त्यांचं ते नामस्मरण, तो दिवसभराचा सहवास. इथे प्रश्न संकल्प करून केलेल्या जपाचा चाललाय. पुरश्चरणात, म्हणजे ठरलेली संख्या पुरी करायच्या जपात, मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप असा प्रघात आहे, म्हणजे या मंत्राचे तेरा लाख. तिथे मोजदाद लागते, आणि मोजदाद आली की प्रामाणिकपणाही आला.

चाकरमानी

मूळ गाव वेंगुर्ला, सध्या ठाणे. २०१० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांचा अभ्यास आला होता. सुमारे २,२५० माणसांना दिवसात अधूनमधून फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे हा मनाचा रोजचाच स्वभाव आहे, जपात तो फक्त उघडा पडतो. त्याआधी १९७५ मध्ये हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनीही शब्द पुन्हा पुन्हा म्हणण्याबरोबर दुसरी अट हीच सांगितली होती: विचार आले तर त्रागा न करता शब्दाकडे परतायचं. माझं मत आंजर्लेकरांच्या बाजूने.

पावसकर

बेन्सन शरीर शांत होण्याबद्दल बोलत होते. जपाचं प्रयोजन तेवढंच आहे का, हे ज्याने त्याने ठरवावं. आमच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांची (१९०३–१९७४) सोहं ('तो मीच') साधना आहे, तिथे आधार श्वासाचा. श्वास चालूच असतो, त्यामुळे परतायला जागा कायम हाताशी. मात्र तेरा अक्षरांचा मंत्र ओढूनताणून एका श्वासात बसवू नका. दम लागतो, आणि मन मंत्र सोडून छातीत जाऊन बसतं.

साधक_राजापूर

मी वेगळ्याच अडचणीत आहे. वडील गेल्यापासून जपाला डोळे मिटले की दवाखान्यातला शेवटचा आठवडा समोर येतो. फवारणीचा विचार बाजूला सारता येतो, हा कसा सारू? माळ हातात घ्यायचीच भीती वाटते.

व्याडेश्वरचरणी

बाळा, तुला माझा नियम लागू नाही. माळ मोजू नकोस, डोळे मिटू नकोस. समईच्या ज्योतीकडे बघत मोठ्याने म्हण, घरातलं कुणी सोबत बसलं तर फार बरं. रडू आलं तर येऊ दे. तो तुझा जपातला दोष नव्हे, बाप होता तुझा.

देवगडची सूनबाई

भाऊ, काकांचं ऐका. आणि झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. जप थोडे दिवस थांबला तरी देव कुठे जात नाही.

आंजर्लेकर

काका, राजापूरच्या भावाला जे सांगितलंत तेच थोड्या प्रमाणात सगळ्यांना द्या, एवढंच मागतोय. माउलींनी सहाव्या अध्यायातच सांगितलंय की मनाचं एक बरं आहे, जिथे गोडी लागते तिथे ते सोकावतं. माळ बाद होण्याच्या धाकाने गोडी कशी लागेल?

राहिली मोजदाद. १०८ मण्यांची माळ ओढून आपण शंभरच जप धरतो, वरचे आठ चूकभूल म्हणून सोडतो. हे तर तुमच्याच पिढीने शिकवलं. मन जाणार हे ठाऊक होतं म्हणूनच ना ही सोय?

व्याडेश्वरचरणी

आठ सोडलेत, ऐंशी नाहीत! पंपाच्या नळीपासून गड्याच्या फोनपर्यंत तुमचे किती मणी गेले ते तुम्हीच बघा. आठाच्या आत असतील तर पुढे जा, माझी हरकत नाही. मेरुमणी लागेपर्यंत कळलंच नसेल, तर ती माळ मी तरी संकल्पात धरणार नाही. माळ मोठ्याने ओढा, मग बोलू.

आंजर्लेकर

मोठ्याने ओढतो, ते कबूल. न धरलेली माळ मात्र मी वाया गेली म्हणणार नाही.