मदत हवी आहे : दोन सारख्याच संगणकांपैकी एकावर बुद्धिबळाच्या एंडगेमचे (डावाच्या शेवटच्या टप्प्याचे) विश्लेषण का रेंगाळते?

नमस्कार. माझ्या दोन संगणकांत प्रोसेसर, मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क एकाच प्रकारची असून स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाची आवृत्ती, थ्रेडची संख्या आणि हॅशसाठी (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्यासाठी) राखलेली मेमरीही मी सारखीच ठेवली आहे. डावाच्या सुरुवातीला आणि मध्यात दोघांचा वेग जवळजवळ सारखा असतो. पटावर आठ-नऊ मोहरी उरली, की मात्र दुसऱ्या संगणकाचा वेग एकदम कोसळतो. डिस्कचा दिवा विझतच नाही, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर दिसते आणि प्रोसेसर निवांत बसून असतो.

दोन्हींवर सहा मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस (अशा स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल, जे इंजिन पुढच्या चाली तपासताना पाहते) आहेत, म्हणजे सुमारे १५० जीबीच्या फाइल. टेबलबेसचा पाथ काढून टाकला की फरक नाहीसा होतो. फक्त पाच मोहऱ्यांपर्यंतच्या फाइल ठेवल्या, तरीही तो दिसत नाही. त्या सगळ्या मिळून १ जीबीच्या आतच असल्याने रॅममध्ये सहज मावत असाव्यात.

मोठी फाइल कॉपी करून पाहिली, तर दोन्ही डिस्क सारख्याच वेगाने चालतात. अर्थात या कसोटीला येथे फारसा अर्थ नाही, कारण इंजिन फाइल सलग वाचत नाही, तर विखुरलेले छोटे तुकडे मागते. ७२०० आरपीएमच्या डिस्कला नुसत्या अर्ध्या फेरीलाच ४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. हेड सरकण्याचा वेळ त्यात धरला, तर सेकंदाला शंभरेक तुकडे वाचून होणेही कठीण.

स्मार्ट अहवालात (डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) दोन्हींचे रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयास्पद) सेक्टर शून्य आहेत. संथ संगणकावर सीआरसी एररचा (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा शून्य नाही, पण केबल बदलल्यापासून तो वाढलेला नाही. एसएमआर डिस्कची (एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या डिस्कची) शंका मला पटत नाही, कारण तिचा त्रास मुख्यतः लिहिताना होतो आणि येथे केवळ वाचन आहे.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली म्हणजे, वेगवान संगणकावर तीच स्थिती पुन्हा तपासायला दिली की काम झटक्यात होते, पण संथ संगणकावर दुसऱ्या वेळीही डिस्क तितकीच खडखडते. म्हणजे वाचलेला भाग तेथे फाइल कॅशमध्ये (वाचलेल्या फाइल विंडोज रॅममध्ये ठेवते तेथे) टिकत नसावा. दुसरी म्हणजे, संथ संगणकाच्या बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) जुना आयडीई आहे, तर वेगवान संगणकात नवा एएचसीआय. आयडीई मोडमध्ये एनसीक्यू मिळत नसल्याने, अनेक थ्रेड एकाच वेळी वाचन मागतात तेव्हा डिस्कला त्यांचा क्रम सोयीने लावता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या वेळचा संथपणा त्याने उलगडत नाही.

एसएसडी घेतल्यास दुखणे बहुधा मिटेल, पण मला आधी कारण हवे आहे. कॅश कोण रिकामी करत आहे, हे रॅममॅपमध्ये (रॅमचा वापर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नेमके कोठे पाहावे? अँटिव्हायरसच्या तपासणीतून टेबलबेसचा फोल्डर वगळल्याने कोणाला फरक जाणवला आहे का? आणि विंडोज पुन्हा न टाकता आयडीईवरून एएचसीआयवर जाण्याचा सुरक्षित क्रम कोणता?