मदत हवी आहे: वास जाणं डॉक्टर लोकांनी कधीपासून मनावर घ्यायला लागले?

नमस्कार मंडळी, दीड वर्षापूर्वी साधी सर्दी झाली, सर्दी गेली पण जाताना वासही घेऊन गेली. काही जळत असलं तरी मला पत्ता लागत नाही. डॉक्टर म्हणाले, दिसतंय, ऐकू येतंय ना, मग झालं तर. डोकंच फिरलं. मग रात्री जागून वाचत बसलो की वासाला एवढं हलक्यात घ्यायचं खूळ आलं कुठून.

प्राचीन ग्रीक वैद्य गॅलन म्हणायचा की वास कळतो तो मेंदूच्या पोकळ्यांत, नाकावरच्या चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर जातो आणि शेंबूड मेंदूतून खाली गळतो (!), हे थेट सतराव्या शतकापर्यंत चाललं, मग श्नायडर नावाच्या जर्मन डॉक्टरने दाखवलं की शेंबूड नाकाच्या अस्तरातच तयार होतो. पुढे १८७९ मध्ये ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने माणसाला वासाच्या बाबतीत कच्च्या प्राण्यांत टाकलं, कारण काय तर मेंदूच्या मानाने आपला वासाचा भाग छोटा. हे मिथक आहे असं सांगणारा मेंदूशास्त्रज्ञ मॅकगॅन यांचा लेख आला २०१७ ला!

माझा प्रश्न असा की नजर तपासायचा स्नेलेनचा तक्ता १८६२ चा, डोक्याला मार लागून वास गेलेल्यांच्या केसेस ओगलने १८७० मध्येच छापल्या, त्स्वार्डेमाकरने १८८८ मध्ये वास मोजायचं यंत्रही केलं, मग खरवडून हुंगायची ४० वासांची टेस्ट यायला १९८४ का उजाडलं? आणि आता उपाय काय, कोणी सांगेल का?

प्रतिसाद:
मला वाटतं मुख्य अडचण ही की वासाचा रेणू नाक पकडतं कसं तेच माहीत नव्हतं. बक आणि ॲक्सेल या शास्त्रज्ञांना नाकातल्या वास पकडणाऱ्या रचनांचे जीन सापडले १९९१ ला, नोबेल २००४ चं. आणि पर्वा तर नव्हतीच, १९३७ मध्ये टोरांटोत पोलिओ टाळायला हजारो पोरांच्या नाकात झिंक सल्फेट मारलं, पोलिओ काही टळला नाही, काहींचा वास मात्र गेला. उपाय म्हणाल तर आधी ईएनटीकडे नाकात पॉलिप (मऊ गाठ) वगैरे नाही ना बघून घ्या, मग वासाचा सराव: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा, निदान १२ आठवडे. हुमेल यांनी २००९ मध्ये हेच चार वापरले होते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण वासाच्या पेशी नव्याने येत राहतात म्हणून आशा सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
धन्यवाद! निलगिरी घरात आहे, आत्ताच हुंगून बघितली, काहीतरी गार-झणझणीत लागलं. हा वास धरायचा का?

प्रतिसाद:
नाही हो, तो गारवा वेगळ्या नर्व्हचा, चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल. वास नसलेल्यालाही अमोनिया झोंबतो तो त्यामुळेच. गुलाबावर लक्ष ठेवा, तो झोंबत नाही, म्हणजे कळला तर खरा.