मदत हवी आहे: चिपची मशिनं बनवणाऱ्यांचे शेअर आपटलेत, आता घेऊ का?

सुरसागरकाठी | ७ एप्रिल २०२५, रात्री ११:१०
घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. ट्रम्पच्या टॅरिफमुळे (आयात शुल्क) सेमीकंडक्टरची, म्हणजे चिपची, मशिनं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर चार दिवसांत धडाधड पडलेत. माझ्या डोक्यात दोन आहेत, दोन्ही वरच्या भावापासून निम्म्याच्या आसपास आलेत. पीईसुद्धा (भाव भागिले शेअरमागची कमाई) एकदम स्वस्त दिसतोय. घ्यावेत की थांबावं? तळ कसा ओळखायचा? या आठवड्यात ठरवायचंय. 'अभ्यास वाढवा' सोडून काहीही सांगा.

रावपुरा_रिटर्न्स
कुठले दोन? भारतातले की अमेरिकेतले? रक्कम किती, किती वर्षांसाठी? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय, गोळी द्या' म्हटल्यासारखं झालंय हे.

पासबुकवाले_काका
३१ वर्षं बँकेत काढली, त्या अनुभवावरून सांगतो. ज्येष्ठ नागरिक योजनेत आज ८.२ टक्के मिळतात, रात्री झोपही लागते. पोस्टात जा, फॉर्म भरा, विषय संपला.

सुरसागरकाठी
काका, मी ४६ चा आहे.
@रावपुरा, उघड आहे, अमेरिकेतले. लॅम रिसर्च आणि एएसएमएल. रक्कम चार लाख.

डच_चीज
एएसएमएल नेदरलँड्सची. शेअर अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात मिळतो म्हणून कंपनी अमेरिकन होत नाही. चिपवर अतिबारीक नक्षी छापणारी ईयूव्ही मशिनं जगात ती एकटीच बनवते.

धोलेरा_धमाका
परदेशात कशाला जाता? आपल्या गुजरातेत साणंदला मायक्रॉन ही चिप कंपनी आलीच आहे, धोलेऱ्याला टाटांची ९१,००० कोटींची फॅब (चिपचा कारखाना) होतेय. घरचं सोडून बाहेरचं कशाला?

डच_चीज
साणंदला चिपचं पॅकेजिंग आणि टेस्टिंग. धोलेऱ्याची फॅब उभी राहील तेव्हा मशिनं बाहेरूनच येणार. धागाकर्त्याने मशिनवाल्यांबद्दल विचारलंय. मांडववाल्याबद्दल विचारलं की तुम्ही नवरदेवाचा फोटो दाखवता.

मकरपुरा_लेथ
माझं जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. चिपशी संबंध नाही, पण मशीन विकणाऱ्याचं दुखणं जवळून बघितलंय. मंदीची चाहूल लागली की गिऱ्हाईक आधी नवीन मशीन थांबवतं. जुनं मशीन चालू असतं, त्याचे सुटे भाग आणि ऑइल येतच राहतं. रद्द लगेच कोणी करत नाही. आधी फोन येतो, 'भाई, डिलिव्हरी दोन महिने पुढे ढकलो ने.' मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात उभं राहतं, त्यावर धूळ चढते आणि ॲडव्हान्स घेतलेला असल्यामुळे आपणही गप्प बसतो. आमच्या शेजारच्या शेडमध्ये असं एक मशीन सात महिने उभं होतं. हिशेबाच्या वहीत मात्र मागचं वर्ष झकास!

म्हणून पीईवर जाऊ नका. त्या भागाकारात कमाई मागची असते. चढउताराच्या धंद्यात पीई सगळ्यात स्वस्त दिसतो तो बहुतेक वेळा कमाई शिगेला पोचलेली असताना. भाव बघायच्या आधी ऑर्डरी बघा. एएसएमएलने ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल चुकून एक दिवस आधीच टाकला. नवीन ऑर्डरी २.६ अब्ज युरोच्या, बाजाराची अपेक्षा पाच अब्जांच्या वर. शेअर त्या दिवशी १६ टक्के खाली. पुढचा निकाल १६ एप्रिलला आहे, १७ ला टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचा. तिने जानेवारीत यंदाचा भांडवली खर्च ३८ ते ४२ अब्ज डॉलर सांगितलाय. मशिनवाल्यांची रोजीरोटी त्याच खर्चातून येते. तो कापला तर आजचा भावही महाग. नऊ दिवस थांबून तुमचं काय जातंय?

२०२२_चा_जखमी
ऐकायला छान, पण मी हेच करून पस्तावलोय. लॅम जानेवारी ते ऑक्टोबर २०२२ मध्ये निम्म्याहून खाली आला. ७ ऑक्टोबरला अमेरिकेने चीनला मशिनं विकण्यावर निर्बंध आणले, जिकडेतिकडे सुतक. भावाचा तळ त्याच महिन्यात लागला. त्या वेळी कंपनीची तिमाही विक्री विक्रमी होती, पाच अब्ज डॉलरच्या वर! विक्री खरी तळाला गेली २०२३ च्या मध्यावर, ३.२ अब्जांवर, आणि तोवर शेअर बराच वर निघून गेला होता. मी ऑर्डरी सुधारायची वाट बघत बसलो होतो. ऑर्डरी सुधारल्याचं तुमच्या-आमच्या कानावर येईपर्यंत गाडी विश्वामित्री स्टेशन सोडून पार पुढे गेलेली असते.

मकरपुरा_लेथ
अहो, ती एक गाडी. २००० साली अप्लाइड मटेरिअल्स (तीही मशिनवालीच) वरच्या भावाला घेतलेल्याला तो भाव परत दिसायला २०१७ उजाडलं. तोही 'निम्म्यावर आलाय' म्हणूनच अजून घेत गेला असेल.

२०२२_चा_जखमी
२००० च्या डॉट-कॉम फुग्याची गोष्ट प्रत्येक धाग्यात काढायलाच हवी का?

सीए_नाही_पण
कोणीच कर सांगितला नाही. १ एप्रिलपासून परदेशी गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर), आधी मर्यादा ७ लाख होती. चार लाखांना लागणार नाही. पण रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरावं लागतं, शेअर एक असला तरी. आणि नफा दीर्घकालीन धरायला २४ महिने, आपल्या शेअरसारखे १२ नाही.

रावपुरा_रिटर्न्स
धागाकर्ते, मूळ प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाहीत. हे चार लाख कुठले आणि कधी लागणार?

सुरसागरकाठी | ८ एप्रिल, रात्री १२:४०
खरं सांगून टाकतो. दोन्ही शेअर आधीपासून आहेत, मागच्या जुलैत घेतलेले. तेव्हा रोज वर जात होते. आता अजून घेऊन खरेदीची सरासरी किंमत खाली आणायचीय. पैसे एफडी मोडून काढलेत. बडोद्याला ऑगस्टच्या पुरात तळमजल्यात कमरेइतकं पाणी होतं, त्या दुरुस्तीसाठी ठेवले होते. जोतं उचलायचं काम पावसाळ्याआधी करायचंय, पण मिस्त्री अजून तारीख देत नाही. म्हटलं, दोन महिने पैसे नुसते पडून राहण्यापेक्षा...

रावपुरा_रिटर्न्स
जुलै २०२४ म्हणजे अगदी शेंड्यावर! 'घेऊ का' म्हणून विचारलंत, प्रश्न होता 'अडकलोय, अजून टाकू का'. आणि दोन महिन्यांचे पैसे. मग तळ ओळखून करणार काय? बरोबर ओळखलात तरी दोन महिन्यांत वर येईल असं कोण लिहून देणार? लॅमचा एक तृतीयांशाहून जास्त धंदा सुटे भाग आणि सर्व्हिसचा आहे, कंपनी कुठे जात नाही. पण तुमचा मिस्त्री जूनमध्ये पैसे मागणार.

२०२२_चा_जखमी
हे आधी सांगायचं ना राव! माझा सल्ला पाच वर्षं हात न लावायच्या पैशांसाठी होता. मागे घेतो.

फतेगंजची_मगर
अवांतर: पुरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर आली होती. तेव्हा आमच्या सेक्रेटरींचाही प्रश्न हाच होता, अजून थांबायचं की आता जायचं.

डच_चीज
धागा पाण्यात गेला.

सुरसागरकाठी | १० एप्रिल, सकाळी ७:१५
काल रात्री बघितलंत का? ट्रम्पनी चीन सोडून बाकी देशांवरचं वाढीव टॅरिफ ९० दिवस पुढे ढकललं आणि सेमीकंडक्टर निर्देशांक एका रात्रीत १८ टक्क्यांहून वर! मी ८ लाच बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म भरून आलो होतो (ओरडू नका), पण पैसे अजून तिकडे पोचलेले नाहीत. आज महावीर जयंती, बँक बंद. उद्या जाऊन थांबवता येतील का? की जाऊ द्यावेत?

मकरपुरा_लेथ
पैसे पोचलेच तर १६ तारखेपर्यंत तसेच ठेवा, काही घेऊ नका. मिस्त्रीने तारीख दिली की परत मागवा.

रावपुरा_रिटर्न्स
जाता-येता डॉलरचा कट दोनदा बसेल. उद्या बँक उघडल्या उघडल्या जाऊन उभे राहा.

पासबुकवाले_काका
आमच्याही तळमजल्यात पाणी शिरलं होतं. जोतं उचलायला मिस्त्री चौरस फुटाला काय भाव सांगतोय? व्यनि (खाजगी निरोप) करा.