उत्तर: जुन्या लायसन्सच्या अटी नव्या कायद्यात

कायदा बदलला की ब्रोकरचं जुनं लायसन्स अटींसकट आपोआप नव्या कायद्यात पुढे जातं, असा एक दावा केला जातो. अर्धंच बरोबर. ते पुढे जातं ते संक्रमणकालीन तरतुदीमुळे (जुन्या कायद्यातून नव्यात जाण्यासाठी ठेवलेली सोय), आणि ती बहुतेक वेळा मुदतीची असते. ब्रिटनचं बघा. आधीच गहाण असलेल्या घरावर काढलेल्या दुसऱ्या कर्जांची मध्यस्थी करणारे ब्रोकर ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी संस्थेच्या लायसन्सवर काम करत. १ एप्रिल २०१४ ला ते लायसन्स देण्याचं काम फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तीय नियामकाकडे गेलं. जुनं लायसन्स होतं त्यांनाही आधी नोंदणी करून अंतरिम परवानगी घ्यावी लागली, मग ठरवून दिलेल्या मुदतीत पूर्ण परवानगीसाठी अर्ज. मुदत चुकली की अंतरिम परवानगी संपली. त्यावर कडी म्हणजे २१ मार्च २०१६ ला हीच कर्जं मॉर्गेज (घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाच्या) नियमांखाली आली आणि नुसती ग्राहक-कर्जाची परवानगी त्यासाठी पुरेना. दोन वर्षांत दोनदा कागदपत्रं!

खरी गोची मात्र अटींच्या शब्दांत असते. 'कलम अमुकनुसार नेमलेल्या प्रमुख ब्रोकरच्या देखरेखीखालीच काम करावे' अशी अट आहे आणि नव्या कायद्यात ते पदच नाही, तर ती पाळायची कशी? 'जुन्या कायद्याचा उल्लेख म्हणजे नव्याचा समजावा' हे कलम इथे कामी येत नाही, कारण समजायला समोर काही हवं ना. म्हणून ज्यांच्या लायसन्सवर खास अट आहे त्यांनी ती नियामकाकडून नव्या शब्दांत लेखी मागून घ्यावी. सगळ्यांना सारख्याच लागू असलेल्या अटींवर काम करणाऱ्यांना एवढी धावपळ करायची गरज सहसा नसते.