अल्ट्रासाऊंडने चेतवले जाणारे नॅनोकण: कर्करोगावर पुढची पायरी का चढत नाही आपण?

ओंजळ: केमोचं औषध अंगभर फिरतं, म्हणून गाठीसोबत आतडी आणि अस्थिमज्जाही भरडली जाते. सोनोडायनॅमिक थेरपीत टायटॅनियम डायऑक्साइडसारखे नॅनोकण गाठीत जमवतात. एरवी ते निपचित असतात. बाहेरून अल्ट्रासाऊंड रोखला की आसपास सूक्ष्म बुडबुडे फुगून फुटतात, ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि पेशी मरतात. प्रकाशानेही हे साधतं, पण तो जेमतेम सेंटिमीटरभर आत शिरतो. ध्वनी स्वादुपिंडापर्यंत पोचतो. जपानी संशोधकांनी १९८९ मध्ये हेमॅटोपॉर्फिरिन हे रसायन वापरून ही वाट दाखवली होती. आता माणसांवर मोठ्या चाचण्या हव्यात.

साधा_वाचक: असहमत. खरी गोम ‘गाठीत जमवतात’ इथेच आहे. २०१६ च्या एका आढाव्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के! उरलेले बरेचसे यकृत-प्लीहेत अडकतात, आणि टायटॅनियम डायऑक्साइड काही तिथे विरघळत नाही. शिवाय गाठीच्या गाभ्यात मुळातच ऑक्सिजन कमी. मग ते रेणू बनणार कशातून?

ओंजळ: ०.७ मान्य. पण यकृतातल्या कणांवर ध्वनी सोडलाच नाही तर ते तिथे पेशी मारणार नाहीत, केमोत ही सोय कुठे आहे? ऑक्सफर्डची २०१८ ची चाचणी बघा: यकृतात गाठी असलेले १० रुग्ण, उष्णतेने उघडणाऱ्या लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पुड्यांत) डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध, वरून अल्ट्रासाऊंडची ऊब. गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट वाढलं. माणसांत!

साधा_वाचक: त्याच लायपोसोमची रेडिओलहरींच्या उष्णतेसोबतची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१३ मध्ये अपयशी ठरली. गाठीत औषध वाढणं वेगळं, माणूस जास्त जगणं वेगळं. माझ्या घरात हा आजार येऊन गेलाय. ‘लवकरच येतंय’ या शब्दांवर आम्ही दोन वर्षं काढली, म्हणून इतकं टोकाचं लिहितोय.

रानवारा: मी रोज सोनोग्राफी करते. हवेपुढे ध्वनी हतबल, हाडात तो शोषला जातो. त्यामुळे फुप्फुसातल्या गाठींचं नाव इथे घेऊच नका. श्वासागणिक यकृतही सरकतं, नेम धरून ठेवणं सोपं नाही.

ओंजळ: फुप्फुस सोडलं. साधा_वाचक, तुमचं दुखणं कळतंय, पण म्हणूनच चाचणी हवी ना? स्तनातल्या गाठीला हाड-हवा आड येत नाही, तिथून सुरुवात करू.

साधा_वाचक: आधी विरघळून शरीराबाहेर जाणारे कण आणा. मग माझा विरोध नाही.