शेजाऱ्यांचा अदलाबदलीचा ग्रुप ठप्प झालाय, चांगलं अ‍ॅप सुचवा (मदत हवी आहे)

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. आमचा शेजाऱ्यांचा अदलाबदलीचा ग्रुप आहे. सुरुवातीला धडाक्यात चालला, आता कोणी काही टाकत नाही आणि टाकलंच तर कोणी घेत नाही. मी एकटा रोज काहीतरी लिहितो, लोक अंगठा देऊन गप्प. शीटही हाताबाहेर गेली आहे. हे सगळं आपोआप करणारं एखादं फुकट अ‍ॅप सुचवा. रविवारी बैठक आहे, त्याआधी हवंय. 'आधी शोधा' म्हणू नका, शोधून झालंय.

टाचणी
कसली अदलाबदल? वस्तूंची की कामांची? किती घरं? ग्रुप कशावर? आणि ती 'शीट' म्हणजे काय? तुम्ही असं लिहिलंय जणू आम्ही सगळे ती रोज सकाळी उघडून बसतो.

तिसरा_मजला
व्हॉट्सअ‍ॅपवर, आणखी कशावर असणार. वस्तू आणि कामं दोन्ही. ६० घरं. याने काय फरक पडतो कळलं नाही. मला फक्त अ‍ॅपचं नाव हवंय.

गप्पिष्ट
टेलिग्रामवर जा, डोळे मिटून. एकाच ग्रुपात विषयवार कप्पे करता येतात: 'देणे', 'घेणे', 'कामं', 'गप्पा'. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी शिडी हवी म्हणून लिहितो आणि त्यावर शुभेच्छांचे चाळीस मेसेज येऊन पडतात. शिडी गेली खाली.

उत्तरायण
गप्पिष्ट, प्रत्येक धाग्यावर तुझं हेच. आम्ही असंच स्थलांतर केलं होतं. अर्धे लोक आलेच नाहीत, आणि नेमके तेच ज्यांच्याकडे देण्यासारखं काही होतं. नवीन जागी माणसं न्यायची म्हणजे ग्रुप दुसऱ्यांदा सुरू करण्याइतकंच काम. तिसरा_मजला, आहे तिथेच राहा. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असा दुसरा ग्रुप काढा आणि आठवड्यातून एकदा तिथे यादी टाका.

गप्पिष्ट
तुमच्याकडचे लोक आले नाहीत यात टेलिग्रामचा काय दोष?

हिशेबवही
दोघांनी जरा थांबा. धागाकर्त्याने शीट म्हटलंय, म्हणजे पॉइंट ठेवत असणार. पॉइंट आहेत का? कोणी दिले? उणे जाता येतं का? ग्रुप जागेअभावी बंद पडत नाहीत, शिल्लक अडकली की बंद पडतात. (हे माझं वैयक्तिक मत, पण अनुभवाने बनलेलं.)

तिसरा_मजला
हो, पॉइंट आहेत, ते ओघाने आलंच ना. प्रत्येक घराला सुरुवातीला ५० दिले. काम केलं की वाढतात, घेतलं की कमी होतात. उणे कितीही जाता येतं, कारण शेजारी आहेत, विश्वास आहे. एक घर उणे ९० असताना जागा सोडून गेलं, ती ओळ मी काढून टाकली. दुसरीकडे आमचे एक काका आहेत, ड्रिलवाले. सगळ्यांच्या भिंतींना भोकं पाडून, नळ बदलून त्यांचे ढीगभर पॉइंट झालेत. हल्ली 'बघू' म्हणतात आणि येत नाहीत. त्यांनी हात आखडता घेतला तशी इतरांनीही पोस्टी बंद केल्या. आता तरी अ‍ॅप सांगा.

हिशेबवही
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर टेलिग्रामचा तास वाचला असता. शीटमधल्या सगळ्या शिलकांची एकूण बेरीज किती येते?

पुरातन
मुळात एक गैरसमज दूर करायला हवा. आधी वस्तुविनिमय होता आणि त्याच्या कटकटीतून पैसा जन्मला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात छान दिसते, पण मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ मध्येच दाखवून दिलं की निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारा समाज कुठेही नोंदवलेला नाही. ओळखीची माणसं उधारी लक्षात ठेवतात. तत्क्षणी अदलाबदल होते ती मुख्यतः अनोळखी लोकांत, नाहीतर एकमेकांवर भरवसा नसलेल्यांत. तेव्हा तुमच्या ग्रुपला 'अदलाबदल' म्हणणंच चुकीचं.

टाचणी
पुरातन, त्यांना रविवारी बैठकीत काय बोलायचं ते हवंय, प्रबंध नाही.

अबोली_७
धाग्याशी थेट संबंध नाही, पण अशा ग्रुपात पाळणा दिला तर चालतो का? आमच्याकडे लाकडी आहे, एक बाजू खाली सरकते, अगदी नव्यासारखा. बदल्यात पुस्तकं घ्यायची आहेत.

उत्तरायण
अबोलीताई, बाजू सरकणारा असेल तर देऊ नका. ती सरकती बाजू निसटून झालेल्या फटीत बाळं अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत अशा पाळण्यांच्या विक्रीवर २०११ पासून बंदी आहे, जुन्यांच्यासुद्धा. एकदा आपटलेलं हेल्मेट, मुदत संपलेली गाडीतली बाळाची सीट, उघडलेली औषधं, हेही अदलाबदलीत नको. तिसरा_मजला, नियमांत हे घाला.

चलनवलन
काकांच्या ढिगाचं उत्तर ९० वर्षांपूर्वीच मिळालंय. ऑस्ट्रियातल्या व्यॉर्गल गावाने १९३२ मध्ये अशा नोटा काढल्या, ज्यांची किंमत दरमहा एक टक्का घटायची. किंमत टिकवायची तर नोटेवर विकतचं तिकीट चिकटवा, नाहीतर लवकर खर्च करा. पैसा धावायला लागला. १९३३ मध्ये मध्यवर्ती बँकेने बंद पाडलं, नाहीतर जगभर झालं असतं. तुमच्या शीटमध्ये एका सूत्राचं काम आहे: महिना संपला की प्रत्येक शिल्लक एक टक्क्याने कमी. साठवणूक संपली.

टाचणी
म्हणजे ज्या माणसाने सगळ्यांची भोकं पाडली त्याचेच पॉइंट कापायचे? आणि जो ९० घेऊन पळाला त्याची ओळ पुसायची? वा! मी काका असते तर ड्रिल उचलून दुसऱ्या ग्रुपात गेले असते.

चलनवलन
तत्त्व समजून घ्या, व्यक्ती नको.

टाचणी
६० घरांत सगळं व्यक्तीच असतं हो.

तिसरा_मजला
बेरीज ३,४१५ आली. यातून काय कळणार ते मला कळत नाहीये.

हिशेबवही
६० घरांना ५० प्रमाणे ३,००० दिले. त्यानंतर एकाचे वाढतात तेवढेच दुसऱ्याचे घटतात, म्हणजे बेरीज कायम ३,००० राहायला हवी. तुमच्याकडे ४१५ जास्त आहेत. त्यातले ९० म्हणजे तुम्ही काढून टाकलेली ओळ. उरलेले ३२५ म्हणजे एकतर्फी नोंदी: काम करणाऱ्याने स्वतःचे वाढवले, घेणाऱ्याचे कोणी कमी केले नाहीत. लोक हिशेब मांडून बघत नसतील, पण कुणाचे वाढतात आणि कुणाचे घटत नाहीत हे प्रत्येकाच्या डोळ्यांत असतं.

उपाय अ‍ॅपशिवाय होतो. शीटमध्ये थेट लिहायचं बंद करा आणि एक गूगल फॉर्म ठेवा: कोणी दिलं, कोणी घेतलं, किती. एका नोंदीतून दोन्ही बाजू सूत्राने हलतील. शिलकेचे रकाने कुलूपबंद. ती काढलेली ओळ परत आणा आणि ते उणे ९० 'ग्रुपचं खातं' या नावाखाली ठेवा. तोटा सगळ्यांचा आहे, तो दिसला पाहिजे.

तिसरा_मजला
घर गेलं म्हणून ओळ काढली, त्यात वावगं काय? बाकी फॉर्मचं जमेल. पण पॉइंट कमी पडतात म्हणून लोक थांबलेत असं मला वाटतं. प्रत्येकाला अजून ५० वाटू का?

हिशेबवही
कधी कधी तेही औषध असतं. वॉशिंग्टनमध्ये १९७०च्या दशकात सुमारे दीडशे जोडप्यांची सहकारी योजना होती, एकमेकांची मुलं सांभाळायची आणि त्याची कुपनं घ्यायची. सगळ्यांनी अडीअडचणीसाठी कुपनं साठवली, त्यामुळे बाहेर कोणी जाईना आणि कोणाला कुपनं मिळवताही येईनात. आधी फर्मान काढलं की अधूनमधून बाहेर जायलाच हवं. काही झालं नाही. मग जादा कुपनं छापली आणि गाडं चाललं. पुढे इतकी छापली की मुलं सांभाळायला कोणी मिळेना.

अर्जेंटिनात तर १९९५ मध्ये छोट्या शेजारगटातून सुरू झालेले विनिमय क्लब आर्थिक संकटात प्रचंड फुगले, आणि २००२ मध्ये बेसुमार छपाई व बनावट कुपनांनी कोसळले. तुमच्याकडे आधीच ३२५ हवेतून आलेत. अजून वाटू नका.

उत्तरायण
मी म्हणते पॉइंटच कशाला? २०१३ पासून अमेरिकेतले 'बाय नथिंग'वाले बघा. नुसतं द्यायचं, नुसतं मागायचं, हिशेब नाही. सुरुवातीच्या वर्षांत ग्रुप मोठा झाला की ते तोडून दोन करायचे, म्हणजे माणसं एकमेकांना ओळखत राहायची.

टाचणी
वस्तूंना ते चालतं. घरात पडून राहिलेली वस्तू गेली की देणारा खूश. पण नळ बदलून देणं म्हणजे अडगळ काढणं नाही. कामांना वेळेचा हिशेब ठेवा, एक तास म्हणजे एक तास, मग तो गणित शिकवण्याचा असो की झाडांना पाणी घालण्याचा. एडगर कान यांनी १९८०च्या दशकात टाइम बँक मांडली ती अशीच. वस्तू फुकट, कामं तासावर, आणि ड्रिल, शिडी यांचं नुसतं उसनं देणं-घेणं, त्याला पॉइंट नकोतच. तीन वेगळी प्रकरणं एका शीटमध्ये कोंबलीत तुम्ही.

चलनवलन
गणिताचा तास आणि पाणी घालण्याचा तास सारखा? शिक्षक पळतील.

टाचणी
पळू देत. जे राहतील ते शेजारी.

हिशेबवही
टाचणीच्या तीन भागांना अनुमोदन. शिवाय दोन्ही बाजूंना मर्यादा हव्यात. कॅनडात मायकेल लिंटन यांनी १९८३ मध्ये जी पद्धत सुरू केली तिच्यात सगळे शून्यापासून सुरू करतात, उणे जाणं लाजेचं नसतं, पण प्रत्येकाची शिल्लक सगळ्यांना दिसते. तुम्ही असं ठरवा: उणे ४० पर्यंत ठीक, पुढे आधी काहीतरी द्या, मग मागा. आणि अधिक ६० च्या वर गेलं की त्या माणसाला काय हवंय ते अ‍ॅडमिनने जाऊन विचारायचं. जाता जाता, काकांना कोणी विचारलंय का?

तिसरा_मजला
नाही. ग्रुपवर सगळ्यांसाठी यादी असते की, त्यातून घ्यावं.

टाचणी
यादीत काय आहे?

तिसरा_मजला
सायकल, पुस्तकं, कुंड्या, मुलांचे कपडे, व्यायामाचं यंत्र, दोन टेबलं.

टाचणी
बघा, सगळ्या लोकांच्या घरातल्या नको असलेल्या वस्तू. त्या काकांनी व्यायामाचं यंत्र घेऊन काय करायचं? तुमच्याकडे 'देतो'च्याच पोस्टी आहेत, 'हवंय'च्या नाहीत. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८७५ मध्ये हीच अडचण लिहिली होती (पुरातन, बघा, मलाही येतं): माझ्याकडे तुम्हाला हवं ते असायला हवं आणि त्याच वेळी तुमच्याकडे मला हवं ते. पॉइंटने वेळेची अट सुटते, हवं-नकोची नाही सुटत. काकांना फोन करा. ग्रुपवर नको, फोन.

पुरातन
जेव्हन्सची मांडणीच मुळी काल्पनिक आहे.

तिसरा_मजला
केला फोन. त्यांना बुद्धिबळाला जोडीदार हवाय, आणि जुन्या कॅसेटवरचं सगळं संगणकावर उतरवून हवंय. "मागायला बरं नाही वाटत" म्हणाले. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा ध्वनिमुद्रणाचं काम शिकतोय आणि त्याची शिल्लक उणे आहे. जुळेल असं दिसतंय. रविवारी फॉर्म, उणेची मर्यादा, आणि प्रत्येक घराने निदान एक 'हवंय' लिहिणं, एवढं मांडतो. वितळणारे पॉइंट नकोत. तरीही अ‍ॅपचं नाव मिळालं असतं तर बरं झालं असतं.

हिशेबवही
हट्टच असेल तर कम्युनिटी एक्सचेंज सिस्टीम बघा, २००३ मध्ये केपटाउनला सुरू झाली. वेबवर चालते, दोन्ही बाजूंची नोंद आपोआप होते. पण आधी तीन महिने फॉर्मवर चालवा. फॉर्म भरायला जे कंटाळतील ते नवीन खातंही उघडणार नाहीत.

गप्पिष्ट
टेलिग्रामवर फॉर्मची लिंक वर चिकटवून ठेवता येते, एवढं सांगून गप्प बसतो.

अबोली_७
पाळणा मोडून त्याच्या फळ्यांचं पुस्तकांचं कपाट करता येईल का? कोणी सुतारकाम करतं का इथे?

जुनापाना
आत्ताच धागा वाचला. कॅसेट ऑडिओ की व्हिडिओ? ऑडिओ असतील तर मुलाला सांगा, आधी प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसून घे, आणि वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट चालवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरव, म्हणजे फीत चिकटली असेल तर सुटेल. उतरवताना बाजू जेवढ्या मिनिटांची तेवढीच मिनिटं जातात, घाई करता येत नाही. काका तासाचे पॉइंट देणार असतील तर कॅसेट नुसती चालू असतानाचा वेळ धरायचा की नाही, ते आधीच ठरवून घ्या.