आरएक्स १००: क्लच स्लिप होतोय आणि दुसरा गियर सुटतोय, पूर्ण इंजिन खोलावं का?

घाटवेडा

नमस्कार मंडळी, गाडी यामाहा आरएक्स १००, ९५ सालचं मॉडेल, मामाची होती आता माझ्याकडे आहे. रोज वारजे ते हडपसर आणि रविवारी सकाळी सिंहगड नाहीतर दिवे घाट, आणि खोटं कशाला बोलू, गाडी मी पिळतोच, हळू चालवायची तर मग घरातली स्कूटर काय वाईट आहे. पोर्टिंग (ताकद वाढवायला सिलिंडरची भोकं घासून मोठी करणं) वगैरे काही केलेलं नाही, सायलेन्सर पण कंपनीचाच.

पावसाळ्यापासून तक्रारी सुरू झाल्यात. चढावर चौथ्यात पूर्ण रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी काही पुढे जात नाही. आणि दुसऱ्यात जोरात खेचलं की मधेच गियर सुटून न्यूट्रल, इंजिन किंचाळतं, गोळेवाडीच्या नाक्यावरून वर जाताना ऐन वळणावर असं झालं की पोटात गोळा येतो. शिवाय सिग्नलला पहिल्यात क्लच धरून उभा राहिलो की गाडी आपली हळूच पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही, शेवटी इंजिन बंद करून पाडावा लागतो.

एक मेकॅनिक म्हणतो फुल इंजिन, गियरबॉक्स क्रँक बोअर सगळं करून टाकू. दुसरा म्हणतो प्लेटा बदल, हेवी स्प्रिंग टाक, विषय संपला. कोणाचं ऐकू? आणि मुळात ह्या जुन्या गाड्यांचा क्लच-गियरबॉक्स असं चालवणं झेपतो का की मीच मारतोय तिला?

नानापेठ_रिटर्न

दोघांचंही लगेच ऐकू नकोस. आधी एक सांग, क्लचच्या लिव्हरला प्ले किती आहे? लिव्हरच्या मुळाशी, जिथे ती होल्डरमध्ये बसते तिथे २ ते ३ मिलीमीटर सैल पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून बघ, एका बाजूला फिरवल्यावर प्ले संपत असेल तर केबल कुठेतरी ओढली जातेय.

विचारतो अशासाठी की तुझ्याकडे क्लच स्लिप पण होतोय आणि क्लच सुटत पण नाहीये, म्हणजे दोन उलट्या तक्रारी एकाच क्लचमध्ये, आणि असं बहुतेक वेळा एकाच कारणाने होतं. क्लच नीट सुटत नाही, न्यूट्रल पडत नाही, म्हणून कोणीतरी केबल ताणून देतं. दोन दिवस बरं वाटतं. पण प्ले संपला की पुश रॉड (क्लच सोडवणारी दांडी) प्रेशर प्लेटला, म्हणजे बाकीच्या प्लेटा दाबून धरणाऱ्या प्लेटला, कायम ढकलत राहतो, म्हणजे तू हात सोडलास तरी क्लच थोडा धरलेलाच. मग चढावर स्लिप, स्लिप झाला की गरम, गरम झालं की स्टीलच्या प्लेटा निळ्या पडून वाकड्या होतात, आणि वाकड्या प्लेटा एकमेकींपासून सुटत नाहीत. म्हणजे परत न्यूट्रल पडत नाही, परत केबल ताणा. हे चक्र नव्या प्लेटा टाकूनही थांबत नाही, सुरुवातीला क्लच का सुटत नव्हता ते शोधल्याशिवाय.

घाटवेडा

बरोब्बर पकडलंत. दिवाळीच्या आधी न्यूट्रलची तक्रार घेऊन गेलो होतो तेव्हा त्या मेकॅनिकने केबलच टाइट करून दिली होती. आत्ता जाऊन बघितलं, लिव्हरला प्ले नावाचा प्रकार नाही.

टू_स्ट्रोक_टोळी

केबल वगैरे ठीक आहे भावा पण हेवी स्प्रिंग टाकच. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी टाकलेत, दोन बोटांनी क्लच धरता येत नाही एवढाच त्रास. आणि क्लच वाचवायचा असेल तर वरचे गियर क्लच न धरता टाकायला शीक, रेस क्षणभर सोडायची आणि पायाने एक झटका, गियर लोण्यासारखा बसतो. ११ बीएचपीची गाडी आहे, काही होत नाही त्या गियरबॉक्सला.

भोसरी_टर्नर

वरच्या दादांना नमस्कार, पण हेवी स्प्रिंगवर माझं जमत नाही. कंपनी सेटिंगच्या इंजिनला कंपनीचेच स्प्रिंग पुरतात, फक्त ते नवे पाहिजेत, जुने स्प्रिंग दबून लांबीला कमी होतात, व्हर्नियर लावून नव्याशी ताडून बघा. हेवी टाकले की सगळा जोर केबल, पुश रॉड आणि त्यामधल्या छर्‍यावर जातो, आणि जो क्लच आधीच सुटत नाही तो आणखी सुटेनासा होतो. पोर्टिंग केलंय, एक्सपान्शन पाइप (ताकद वाढवणारा सायलेन्सर) लावलाय, ताकद वाढलीय, तेव्हा हेवी स्प्रिंगला अर्थ आहे.

आता मुद्द्याचं. क्लच कव्हर उघडा, त्याला इंजिन उतरवायला लागत नाही. प्लेटा बाहेर काढल्या की त्यांच्याकडे नंतर बघा, आधी क्लच हाउसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या) बोटांवरून नख फिरवा. एवढ्या वर्षांच्या गाडीला तिथे खाचा पडलेल्याच असतात, कॉर्क प्लेटांचे कान त्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटांवर आपटून आपटून पडतात. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा प्लेटा बाजूला सरकायला पाहिजेत, पण त्या खाचेत अडकून बसतात आणि क्लच सुटत नाही. माझ्याकडे जेवढी हाउसिंग आली त्यातल्या बहुतेकांचं दुखणं हेच, आणि लोक प्लेटांवर प्लेटा बदलत बसतात. खाच उथळ असेल तर सपाट कानशीने हलक्या हाताने गुळगुळीत करता येते. खोल असेल तर घासू नका, घासल्यावर बोट आणि कान यांच्यातली फट वाढते, प्लेट अजून जोरात आपटते आणि थोड्या दिवसांत खाच हजर. हाउसिंग नवीन घ्या. स्टील प्लेटा जाड काचेवर ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, वाकडी आहे का सरळ ते लगेच कळतं.

आणि दुसरा गियर का सुटतो तर त्याचं मूळही ह्याच खाचांमध्ये असू शकतं. क्लच सुटला नाही की गियर टाकताना इंजिनचा जोर गियरवर तसाच राहतो. मग दोन गियरच्या बाजूला जे लॉक असतात (डॉग म्हणतात त्यांना) ते नीट आत न जाता एकमेकांच्या कडांवर घासतात, चौकोनी कडा गोल होतात. गोल कड जोर आला की घसरून बाहेर येते, हाच तुमचा सुटलेला गियर. दुसऱ्याचंच जास्त होतं कारण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधे न्यूट्रल ओलांडावा लागतो, पायाचा प्रवास लांब, आणि दोन्ही गियरच्या वेगातला फरक सगळ्यात मोठा. पाय अर्धवट लागला की लॉक अर्धवट बसतो.

म्हणून क्लच न धरता गियर टाकायचं म्हणाल तर रेसिंगवाले टाकतात, जमतं त्यांना, पण त्यांचा इंजिनचा जोर त्या क्षणी खरोखर सुटलेला असतो आणि पाय ठाम असतो. सिंहगडच्या वळणात घाईघाईत टाकलेल्या गियरला लोणी वगैरे काही नसतं.

टू_स्ट्रोक_टोळी

काका माझा क्लच न धरता चार वर्षं चाललाय 😄

भोसरी_टर्नर

चालू दे की. गियरबॉक्स उघडलास की एक फोटो टाक इथे.

कास्टआयर्न_काका

आमची कास्ट आयर्न बुलेट, उजव्या पायाचा गियर, एक वर तीन खाली, त्यामुळे तुमच्यात बोलायचा हक्क नाही पण राहवत नाही. आमच्याकडे क्लच स्लिप ओळखायला चढ लागत नाही, किकच सांगते. बुलेटची किक गियरबॉक्स आणि क्लचमधून इंजिनपर्यंत जाते, म्हणून क्लच स्लिप झाला की किक हलकी जाते, इंजिन फिरतच नाही, आणि लोक म्हणतात कॉम्प्रेशन गेलं. तुमच्या आरएक्सला ही सोय नाही, तिची किक थेट हाउसिंगच्या गियरला लागते, म्हणून तर गियरमध्ये क्लच धरून किक मारता येते. पण घाटवेडा, तुझा क्लच सुटत नाही ना, मग तूर्त गियरमध्ये किक मारू नकोस, गाडी पुढच्या रिक्षात घुसेल.

अजून एक गोष्ट कोणी बोललं नाही. मागच्या चाकाचे ड्रम रबर बघ. चाक काढ, स्प्रॉकेट हाताने मागेपुढे हलवून बघ, खडखड करत मोकळं फिरत असेल तर रबर संपलेत. रेस सोड-धर करताना बसणारा प्रत्येक हिसका ते रबर गिळतात, ते नसले की हिसका चेनमधून सरळ गियरच्या लॉकवर. अगदी स्वस्तातला पार्ट आहे आणि लोक महागाचे गियर बदलतात, हा मात्र तसाच ठेवतात. चेन ढिली असेल तरी तेच.

सिग्नलला क्लच धरून उभं राहायची सवय पण सोडा रे सगळ्यांनी. ९० सेकंदांचा आकडा समोर दिसतोय आणि पठ्ठे पहिल्यात टाकून क्लच धरून रेस मारत उभे, स्वारगेटला रोज बघतो.

घाटवेडा

काल संध्याकाळी मित्राच्या गॅरेजमध्ये कव्हर उघडलं. हाउसिंगला खाचा आहेत, नख चांगलंच अडकतं. स्टील प्लेटा दोन-तीन निळ्या. ड्रम रबराचा भुगा झालाय, काका तुम्हाला नमस्कार.

पण एक वेगळंच निघालं. गियर ऑइल साडेसहाशे मिली घातलेलं होतं, बाहेर आलं जेमतेम साडेचारशे. खाली जमिनीवर कधी एक थेंब दिसला नाही. आणि हो, धूर जरा जास्त येतो पण टू स्ट्रोक आहे म्हणून दुर्लक्ष केलं होतं. ऑइल गेलं कुठे?

नानापेठ_रिटर्न

इंजिनने प्यायलं. क्रँकचं उजव्या बाजूचं, म्हणजे क्लचकडचं सील गेलंय. टू स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, सील कडक झालं असेल तर तिथून गियर ऑइल आत ओढलं जातं आणि जळून सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन बाहेर. प्लग पण काळा ओला येत असेल बघ.

म्हणजे आता गणित बदललं. नुसता क्लच असता तर कव्हर लावून मोकळा झाला असतास. सुटणाऱ्या गियरचं पण अर्धं काम कव्हर काढूनच बघता येतं, हाउसिंग काढलं की मागे शिफ्टरचा पंजा आणि स्टॉपर लिव्हर (गियर जागेवर धरून ठेवणारी) असते, तिचा स्प्रिंग सैल किंवा तुटलेला असेल तर चांगला गियरसुद्धा सुटतो, ते आधी बघून घे. पण सील गेलंय, दुसरा सुटतोय, ऑइल कमी असताना तू घाट चढवलेत, तेव्हा केस उघडणं आलंच. पहिला मेकॅनिक इंजिन खोलायचं म्हणाला ते बरोबरच म्हणाला, फक्त बोअर कशाला ते त्याला विचार. कॉम्प्रेशन चांगलं असेल, पिस्टनवर ओरखडे नसतील, तर बोअरला हात लावू नकोस, रिंगा बघ आणि सोडून दे. क्रँक हातात आलाच आहे तर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघ, सरळ रेषेत जराही खटखट लागली तर मात्र ते काम आत्ताच कर. सील दोन्ही बाजूंची बदल, बेअरिंग पण.

भोसरी_टर्नर

आणि दुसऱ्याचा गियर एकटा बदलू नका. ज्या गियरमध्ये तो लॉक होतो त्याच्या पण कडा तेवढ्याच गोल झालेल्या असतात, जोडीने बदला. शिफ्टर फोर्क (गियर सरकवणारा काटा) सरळ आहे का आणि त्याची टोकं घासून निळी-पातळ झालीत का ते बघा, वाकडा फोर्क असेल तर नवा गियरही लवकरच सुटायला लागतो. कोणी म्हणेल लॉकला वेल्डिंग भरून ग्राइंड करून देतो. गियर वरच्या वरच हार्ड केलेले असतात, वेल्डिंगच्या उष्णतेत ते हार्डनिंग मरतं, मग आज चौकोनी दिसणारी कड दोन महिन्यांत परत गोल. हे काम माझ्याकडे आलं तरी मी घेत नाही.

पार्ट नाना पेठेत मिळतील, कंपनीने ही गाडी ९६ साली बंद केली त्यामुळे ओरिजिनल गियर शोधावा लागेल, आणि जुना गियर हातात घेऊन जा, दात मोजून आणि लॉकच्या कडा ताडून घ्या. जुन्या बाजारात वापरलेला गियर मिळाला आणि कडा शाबूत असल्या तर तो नव्या डुप्लिकेटपेक्षा बरा.

घाटवेडा

मामाला सांगतो आता, त्याच्या गाडीचं पोट फाडणार म्हणून. शेवटचा प्रश्न, ऑइल कुठलं? एक जण ९० नंबरचं गियर ऑइल सांगतोय, जाड असतं म्हणे, घाटाला चांगलं.

नानापेठ_रिटर्न

नको. एक तर ९० नंबर ऐकायला जाड वाटतो, गियर ऑइलची नंबराची पट्टी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी, ९० चं गियर ऑइल साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढंच जाड असतं. खरी अडचण त्यातल्या ईपी (खूप दाब सोसायच्या) अ‍ॅडिटिव्हची आहे, ते कारच्या डिफरेन्शियलसाठी बनवलेलं असतं, कॉर्क प्लेटा त्यात भिजणार आहेत हे त्याच्या हिशोबातच नाही. साधं मोटरसायकलचं २०डब्ल्यू४० घाल, डब्याच्या मागे जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घे. एमबी असेल तर ते स्कूटरचं, क्लच घसरेल. कारचं उरलेलं ऑइलही नको, त्यात घर्षण कमी करायची रसायनं असतात आणि क्लच तर घर्षणावरच चालतो. मोजून साडेसहाशे मिली, त्याहून जास्त नको, आणि पहिलं ऑइल लवकर बदल कारण नव्या गियरची भुकटी त्यातच येते.

नव्या कॉर्क प्लेटा बसवायच्या आधी रात्रभर त्याच ऑइलमध्ये भिजत ठेव, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर जळतात.

कास्टआयर्न_काका

आणि दिवे घाट उतरताना गियरमध्ये पूर्ण रेस बंद करून खाली येऊ नकोस, ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनला टू-टी ऑइल आपोआप पुरवणारा, पंप रेसच्या केबलला जोडलेला असतो, रेस बंद म्हणजे ऑइल नावापुरतं आणि इंजिन मात्र चाकाच्या जोरावर पळतंय. मधेमधे थोडी रेस देत ये.

टू_स्ट्रोक_टोळी

शनिवारी पार्ट आणायला जाणार असशील तर सांग, मी पण येतो, मला पण ड्रम रबर बघायचेत.